दयेपूर्वीची चौकशी

यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी या गावांतून उदरनिर्वाहासाठी बाहेर पडलेल्या माणसाचा प्रवास पूर्वी नागपूर-पुण्यापर्यंत आणि फार तर मुंबईपर्यंत होत असे. अलीकडे तो आखातात, जर्मनीत आणि क्वचित तुर्कस्तानातही जाऊन थांबतो. पतीच्या नोकरीमुळे माझा संसार काही वर्षे इस्तंबूलच्या आशियाई किनाऱ्यावरील कादिकोय या भागात झाला, आणि परत आल्यापासून जिल्ह्यातील ओळखीची कुटुंबे आपल्या मुलांना, सुनांना तिकडे धाडण्यापूर्वी माझ्याकडे चौकशीस येतात. वडीलधारी माणसे घरभाड्याविषयी आणि कागदपत्रांविषयी विचारतात; मुलींना मात्र तेथील रस्त्यांवरच्या मांजरांविषयी ऐकायचे असते, कारण त्या मांजरांची छायाचित्रे त्यांनी पाहिलेली असतात आणि तेथे गेल्यावर त्यांना खाऊ घालण्याचा त्यांचा मनोदय असतो. हे दोन विषय वरकरणी परस्परांपासून दूरचे भासतात, परंतु अनुभवाने मला असे दिसले आहे की परमुलखात जे जे मोकळे, बेवारस किंवा निराधार दिसते, मग ते रिकामे घर असो की भुकेले मांजर, ते बहुधा कोणत्या ना कोणत्या व्यवस्थेत आधीच बांधलेले असते, आणि त्या व्यवस्थेची विचारपूस न करता पुढे केलेला हात आपल्यालाही अपायकारक ठरतो आणि दुसऱ्यालाही.

प्रथम कागदांचे सांगते, कारण ज्याचे स्वतःचे राहणे कायदेशीर नाही त्याने इतरांच्या पालनपोषणाचा विचार करणे व्यर्थ आहे. भारतीय पारपत्रावर तुर्कस्तानची ऑनलाइन प्रवेशपरवानगी सरसकट मिळत नाही; अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन गटातील देशांचा चालू व्हिसा वा निवासपरवाना हाती असेल तरच ती सवलत, एरवी रीतसर अर्ज करूनच जावे लागते. कुटुंबासह राहावयाचे असल्यास विवाहनोंदणीच्या दाखल्यावर अपोस्टीलची मोहर येथूनच घेऊन जावी. आपल्याकडील स्त्रियांच्या बाबतीत शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, विवाहाच्या दाखल्यावर सासरचे, आधारपत्रावर एक वर्णलेखन आणि पारपत्रावर दुसरे, असा प्रकार इतका सर्रास आढळतो की तो दोष आहे हेच कोणाला वाटत नाही. परंतु परदेशातील दप्तरात ही चार नावे चार निराळ्या व्यक्तींची ठरतात, आणि तेथे बसून यवतमाळच्या कचेरीतून दुरुस्ती करवून घेणे किती जिकिरीचे असते हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. ही दुरुस्ती निघण्यापूर्वी करून घ्यावी. तिकडे पोहोचल्यावर करक्रमांक काढावा, कारण बँकेचे खाते त्यावाचून उघडत नाही. आणि येथून नेलेला भ्रमणध्वनी तेथील सिमकार्डावर सुमारे चार महिनेच चालतो, पुढे भारी शुल्क भरून त्याची नोंद केली नाही तर तो बंद पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

घराच्या बाबतीत एक गोष्ट विशेष बजावून सांगावीशी वाटते. शहरातील प्रत्येक मोहल्ल्याचा एक निर्वाचित मुखिया असतो. त्यास तेथे मुहतार म्हणतात, आणि आपल्याकडील जुन्या पाटलाची आठवण व्हावी असे त्याचे स्थान असते. २०२२ पासून ज्या मोहल्ल्यांत परदेशी रहिवाशांचे प्रमाण वस्तीच्या एक पंचमांशाहून अधिक झाले, असे हजाराहून जास्त मोहल्ले नव्या परदेशी नोंदणीस बंद करण्यात आले. घर रिकामे असते, दलाल तत्पर असतो, भाडेही परवडण्यासारखे असते, परंतु त्या पत्त्यावर निवासपरवान्याची नोंद होत नाही, आणि दिलेली अनामत परत मिळवण्यासाठी भाषा येत नसलेल्या माणसाने कोणाच्या दारी जावे? आम्हांला अशाच एका घरी नेण्यात आले होते. करारनाम्यावर सही करण्याआधी माझ्या पतीने मुहताराच्या कचेरीत जाऊन विचारले म्हणून तेवढ्यावरच भागले. घर ठरवताना इमारत कोणत्या साली बांधली हेही निःसंकोचपणे विचारावे. १९९९ च्या ऑगस्टमधील भूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक झाले, आणि ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात पन्नास हजारांहून अधिक माणसे दगावल्यापासून तर हा प्रश्न कोणत्याही घरमालकास अपमानास्पद वाटत नाही. ज्या महाराष्ट्राने किल्लारी पाहिली आहे त्यातील माणसाला याहून अधिक सांगण्याची जरूर नसावी. घर मिळाल्यावर वीस कामकाजी दिवसांच्या मुदतीत पत्त्याची नोंद रुजू करावी, आणि भूकंपविम्याचा कागद आधी हाती घ्यावा, कारण वीज व पाणी आपल्या नावावर करून घेताना तो मागितला जातो.

आता मांजरांकडे वळते. इस्तंबूलमध्ये मांजर हे पाळीव आणि भटके यांच्या मधल्या, आपल्याकडे नसलेल्या अशा एका अवस्थेत जगते. कापसाच्या आणि धान्याच्या खोलीत उंदीर होऊ नयेत म्हणून आमच्या दारव्ह्याकडील घरी मांजर असे. तिला दूध मिळे, पण आजारी पडली तर वैद्याकडे नेण्याची कल्पना कोणाच्या मनात येत नसे. कादिकोयमध्ये मात्र औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, मशिदीच्या ओट्यावर, जहाजाच्या धक्क्यावर आणि पुस्तकांच्या दुकानातील ग्रंथांवर मांजरे निवांत पहुडलेली दिसतात, आणि त्यांपैकी बहुतेकांचे खाणे, पाणी, नाव आणि औषधोपचार त्या त्या गल्लीने वाटून घेतलेले असतात. उस्मानी काळात काळीज-फुप्फुसांचे तुकडे काठीला अडकवून ते खास मांजरांसाठी विकत फिरणारे फेरीवाले या शहरात असत, त्यांना मांजाजी म्हणत. तेव्हा ही वहिवाट आजची नव्हे. तोंबिली नावाचे एक लठ्ठ मांजर फरसबंदीच्या कडेला कोपर टेकून बसे, ते वारल्यावर कादिकोयमध्येच ४ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचा पुतळा बसविण्यात आला. आणि आयासोफिया या प्राचीन वास्तूतील ग्ली या मांजरीच्या निधनाची बातमी २०२० च्या नोव्हेंबरात देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी छापली. परंतु याच शहराच्या अधिकाऱ्यांनी १९१० मध्ये हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातील एका निर्जन खडकाळ बेटावर नेऊन सोडली आणि ती तेथे तहानभुकेने मेली, हाही इतिहास आहे, आणि वृद्ध माणसे तो अजून लाजेने सांगतात. भूतदया तेथील मातीतच आहे, अशा भाबड्या समजुतीने जाऊ नये. ती तेथे पिढ्यानपिढ्या भांडून, जपून ठेवलेली गोष्ट आहे.

आमच्या जिन्याखाली एक राखाडी रंगाची मांजरी राहत असे. एका हिवाळ्यात तिचा जबडा सुजलेला दिसला, आणि तिला पेटीत घालून पशुवैद्याकडे नेण्याच्या विचाराने मी तिला उचलू लागताच तिने माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. मांजराचे दात सुईसारखे असल्याने जखम वरून किरकोळ दिसते, परंतु लाळेतील जंतू खोलवर जातात आणि एका दिवसात हात सुजू शकतो. त्याशिवाय तुर्कस्तान हा रेबीजमुक्त देश नाही, कुत्र्यांत आणि कोल्ह्यांत तो रोग तेथे टिकून आहे. त्या क्षणी मी यवतमाळला आईला फोन केला. मांजरीची काय अवस्था आहे ते मी सांगू लागले तोच ती म्हणाली, "पयले दवाखान्यात जाय वो बाई, मंग मांजरीचं पायजो." माझ्या आईचे शिक्षण फारसे झालेले नाही, पण कुत्रे चावल्यावर जखमेवर चुना-हळद, मिरची किंवा झाडपाला बांधून चार दिवस वाट पाहणारी माणसे तिने गावात पाहिली होती, आणि २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यातील शेतकरी-शेतमजुरांचा जो बळी घेतला, त्यानंतर विष आणि विलंब या दोहोंविषयी तिच्या मनात जी धास्ती बसली ती आजतागायत गेलेली नाही.

मी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली, आणि याच एका कृतीला सर्वांत अधिक महत्त्व आहे हे मी प्रत्येकास सांगते. नंतर शेजारच्या वृद्ध बाईंचे दार ठोठावले. त्यांना मी तेय्झे, म्हणजे मावशी, म्हणत असे आणि त्या मला 'मुली' म्हणत. त्या माझ्याबरोबर सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आल्या. तेथील डॉक्टरांनी धनुर्वाताची चौकशी केली, प्रतिजैविके दिली, रेबीजची लस त्याच दिवशी टोचून तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या तारखा लिहून दिल्या, आणि मग असे विचारले की ते जनावर ओळखीचे आहे काय, व दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता येईल काय. मावशी लगेच उत्तरल्या की ती मांजरी अमुक नावाची, तिला खाणे घालणारे कोण, आणि तिच्या दातांवर गल्लीच्या पलीकडील पशुवैद्याकडे उपचार आधीच चालू आहेत. चावणारे कुत्रे किंवा मांजर दहा दिवस जिवंत व निरोगी राहिले तर चावतेवेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे मानले जाते, आणि पुढील लसींचा निर्णय डॉक्टर त्यावर ठरवतात. ती मांजरी गल्लीच्या माहितीची होती म्हणूनच ही खातरजमा शक्य झाली. निनावी, अनोळखी जनावर असते तर ते दहा दिवस कोणी मोजले असते?

तेव्हापासून मी जाणाऱ्यांना असे सांगते की ज्यांना मांजरांची सेवा करावयाची आहे त्यांनी निघण्यापूर्वी यवतमाळ किंवा नागपूर येथे डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. ती घेतली तरी चाव्यानंतरचे उपचार टळत नाहीत, पण सोपे होतात. आपत्कालीन क्रमांक तेथेही ११२ हाच आहे, आणि 'केदी इसिर्दी', म्हणजे मांजर चावले, हे दोन शब्द तरी पाठ असावेत.

खाणे घालण्याचीही रीत आहे. नव्या घरी गेल्यावर प्रथम इमारतीचा व्यवस्थापक आणि द्वारपाल यांना विचारावे की येथे कोण, कोठे आणि किती वाजता खाणे ठेवते. पुष्कळदा उत्तर असे मिळते की खाण्याची ददात नाही, परंतु औषधाचा खर्च जड जातो. मग नवख्याने खाण्याचे भांडे वाढविण्याऐवजी तो खर्च थोडा उचलावा, हे अधिक उपकारक. दारासमोर किंवा मोटारींच्या आड खाणे ठेवू नये, उरलेले सांजवेळी उचलावे, कारण घाणीवरून होणारी शेजाऱ्यांची तक्रार अखेर मांजरांच्याच मुळावर येते. आपल्याकडे मांजराला दूध घालणे हे पुण्य समजतात, परंतु वाढ झालेल्या बहुतेक मांजरांना गाईचे दूध पचत नाही, पाणीच द्यावे. निळोणा आणि चापडोह धरणांची पातळी उन्हाळ्यात कोठवर उतरली याची रोज विचारणा करणाऱ्या यवतमाळकरांस पाण्याने भरलेल्या वाटीचे मोल निराळे सांगावयास नको. इस्तंबूलमधील नळाचे पाणी मात्र माणसे सहसा पीत नाहीत, एकोणीस लिटरच्या मोठ्या बाटल्या घरपोच मागवतात. नवख्याने तेच करावे.

औषधांविषयी मी अत्यंत कळकळीने लिहिते आहे. आमच्या परिचयातील एका वऱ्हाडी तरुणाने तापाने फणफणलेल्या पिलाला माणसाच्या तापाची अर्धी गोळी दिली आणि ते पिलू त्याच्या डोळ्यांदेखत गेले. पॅरासिटामॉल हे मांजराला प्राणघातक विष आहे, अर्धी गोळीही पुरते. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त औषधेही तशीच घातक. कांदा-लसूण घातलेले उरलेले अन्न, शिजविलेली हाडे, यांपैकी काही देऊ नये. पिले एकटी दिसली तरी लगेच उचलू नयेत. आई बहुधा अन्नाच्या शोधात गेलेली असते, तेव्हा काही तास दुरून पाहावे. कडाक्याच्या थंडीत मांजरे मोटारीच्या यंत्राजवळ उबेला शिरतात, म्हणून सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी झाकणावर दोनचार थापा मारण्याची तेथील सवय आपणही लावून घ्यावी.

कायद्याची माहिती असणे हिताचे आहे. २००४ च्या ५१९९ क्रमांकाच्या कायद्याने भटक्या जनावरांना संरक्षण दिले, आणि नगरपालिकांनी त्यांना पकडून, नसबंदी व लसीकरण करून पुन्हा मूळ जागी सोडावे असे ठरविले. २०२४ च्या ऑगस्टपासून कुत्र्यांच्या बाबतीत हा नियम बदलला. आता त्यांना निवारागृहात ठेवण्याची जबाबदारी नगरपालिकांवर आहे, आणि या बदलावरून त्या समाजात तीव्र दुफळी पडली. परकीयाने या वादात, तसेच तेथील राजकारणाच्या कोणत्याही वादात, चौकात उभे राहून मत देऊ नये. राष्ट्राध्यक्षाची निंदा हा तेथे फौजदारी गुन्हा आहे, आणि २०२५ च्या मे महिन्यापासून भारत व तुर्कस्तान यांच्या संबंधांत आलेला ताण लक्षात घेता सामाजिक माध्यमांवर लिहितानाही संयम हवा. माझ्या शेजाऱ्यांच्या वागणुकीत मला मात्र कधी दुरावा आढळला नाही. २०२३ च्या भूकंपानंतर भारतीय सैन्याने इस्केंदेरून येथे उभारलेल्या इस्पितळाची आठवण अनेकजण आपण होऊन काढीत.

शेवटी परतीविषयी. जीव जडलेले मांजर बरोबर आणण्याचा मोह प्रत्येकास होतो. त्यासाठी आधी त्याच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवावी लागते, त्यानंतरच रेबीजची लस, मग आरोग्याचा दाखला, आणि भारताच्या पशुसंगरोध विभागाची पूर्वपरवानगी. ही मुभाही मुख्यतः परदेशातील वास्तव्य आटोपून कायमचे परतणाऱ्यांसाठी आहे, आणि संगरोध केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद अशा मोजक्या शहरांतच आहेत. शिवाय गल्लीत मोकळे वाढलेले मांजर वैशाखातील पंचेचाळीस अंशांच्या यवतमाळात, बंद घरात, सुखी होईल काय याचा विचार व्हावा. मी आणले नाही. जाण्याचे निश्चित होताच खाणे घालण्याची वेळ, पशुवैद्याकडील बाकी आणि जिन्याखालच्या मांजरीच्या लसींच्या तारखा मी एका वहीत लिहून मावशींच्या स्वाधीन केल्या, आणि आमच्या जागी येणाऱ्या कुटुंबाची त्यांच्याशी ओळख करून दिली. हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी उरकू नये; नवा माणूस त्या जनावरांच्या सवयीचा होईपर्यंत निदान काही आठवडे हाती असावेत.