सरपंच म्हणाल्या

जव्हार-मोखाड्यातून बातम्या पाठवायला लागून मला वीसेक वर्षं झाली. टँकर, कुपोषण, रस्ता नाही म्हणून डोलीतून दवाखान्यात नेलेल्या बाळंतिणी, आणि ग्रामपंचायती. राजकारणातल्या बाईबद्दल कसं लिहायचं, हे मात्र चुका करत करतच कळलं.

१. क्रियापद तपासून बघावं.

मोखाडा तालुक्यातल्या एका सरपंचबाईंनी टँकरसाठी ठिय्या दिला होता. मी लिहिलं, ‘सरपंच म्हणाल्या’. छापून आलं, ‘सरपंच म्हणाले’. डेस्कवर कुणाला तरी ती माझीच चूक वाटली असणार. अंक घेऊन गावात गेलो. बाई चौथी शिकलेल्या. ओळीखालून बोट फिरवत सावकाश वाचत होत्या. त्या शब्दापाशी बोट थांबलं. ‘भाऊ, हे कोण म्हणाले?’ गावात तोवर सगळे धरून चालले होते की नवराच बोलला.

आपल्या भाषेत ‘सरपंचांनी ठराव मांडला’ म्हटलं की मांडणारी बाई की बुवा, ते कळत नाही. क्रियापद ठरावामागे जातं. ‘सरपंचांनी मागणी केली’ म्हटलं तर मागणीमागे. बाई दिसते ती ‘म्हणाल्या’, ‘गेल्या’, ‘बसल्या’ अशा मोजक्या जागी, आणि तिथेच कुणी ‘ले’ केलं तर ती बातमीतूनच जाते. तेव्हापासून पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव लिहितो. नुसतं ‘महिला सरपंच’ नाही. ‘पुरुष सरपंच’ असं मी एकदाही लिहिलेलं नाही.

२. ‘आरक्षणामुळे’ हा शब्द लिहायचा तर सगळ्यांना लावावा.

२०११ पासून राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. निवडून आलेल्या बाईच्या बातमीत मी ‘आरक्षणामुळे संधी मिळालेल्या’ असं हमखास घालायचो. पण आमचे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथलं सरपंचपद पेसा कायद्यानं आदिवासींसाठीच राखीव आहे, म्हणजे इथला प्रत्येक पुरुष सरपंचही आरक्षणातूनच आलेला. जुनी कात्रणं काढून बसलो. पुरुषांच्या बातम्यांत ‘सरपंचपदी निवड’ एवढंच होतं. कमीपणा फक्त बाईच्या नावाला चिकटवला होता, आणि तो माझ्याच हातानं.

३. ‘रणरागिणी’ टाळावी.

हंडा मोर्चा निघाला की हा शब्द ठरलेला. कौतुकानंच वापरायचो. पण मथळ्यात रणरागिणी आली की पाडा कुठला, विहीर कधी आटली, टँकर किती दिवसांआड येतो, हे खाली ढकललं जातं आणि जागा कमी पडली की तेच कापलं जातं. मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटलं, त्या नावात त्यांचं काम होतं. १९७७ साली त्या लोकसभेत गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घरोघर पोहोचली. ‘रणरागिणी’ म्हटल्यावर काय कळतं? बाई चिडली होती, एवढंच.

४. ‘यांच्या पत्नी’ हे पद नव्हे.

गोदावरी परुळेकरांची ओळख करून देताना एकदा मी सुरुवातच ‘शामराव परुळेकर यांच्या पत्नी’ अशी केली होती. आजही त्याची लाज वाटते. दोघांनी काम बरोबरीनं केलं हे खरंच. पण १९४५ साली वारली उठले तेव्हा पाड्यापाड्यांतून पायी हिंडलेली ही बाई. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तिनं लिहिलं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. १९८६ साली ती अखिल भारतीय किसान सभेची अध्यक्ष झाली. आमच्या भागातली म्हातारी माणसं तिला गोदूताई म्हणत. कुणाची कोण, हे सांगायची त्यांना कधी गरज पडली नाही.

५. फोन उचलेल तो सरपंच नव्हे.

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. ग्रामपंचायतीच्या फलकावर सरपंचांच्या नावापुढे नंबर असतो तो बऱ्याचदा नवऱ्याचा. तो बोलायचा, मी लिहून घ्यायचो आणि बाईंच्या नावानं छापायचो. दोन वर्षं हे चाललं. वेळ वाचायचा.

आता ‘बाईंना द्या’ म्हणतो. परवा घरच्यांनी सांगितलं, बाई आवणीला गेल्यात, काय ते मलाच विचारा. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचाच फोन आला. रेंजसाठी टेकाडावर चढून आल्या होत्या, दम लागला होता, वाऱ्यानं अर्धं ऐकू येत नव्हतं. शाळेच्या गळक्या छपराबद्दल दहा मिनिटं बोलल्या. दोनदा मला थांबवून, लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं. बातमी एक दिवस उशिरा गेली.