पायथन : सूचीतून निसटणारे घटक

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन या संगणकीय भाषेचा समावेश आहे. २०२४ मध्ये ‘गेट’ परीक्षेत सुरू झालेल्या विदाविज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयाच्या अभ्यासक्रमातही ती आहे. सूची, म्हणजेच लिस्ट, आणि तिचे घटक एकेक करून हाताळणारे ‘फॉर’ आवर्तन हा या भाषेचा पायाभूत भाग होय.

सूचीतील क्रमांक शून्यापासून सुरू होतात. चार घटकांच्या सूचीत चौथा क्रमांक मागितल्यास पायथन त्रुटिसंदेश देऊन थांबते. ही चूक लगेच सापडते. संदेशाविना घडणारी चूक अधिक घातक असते.

समजा, चार उमेदवारांचे गुण ७२, २८, ३१ व ६५ असून ३५ पेक्षा कमी गुण वगळायचे आहेत. विद्यार्थी आवर्तन चालू असतानाच ‘रिमूव्ह’ वापरून त्याच सूचीतून कमी गुण काढतो. आज्ञावली सुरळीत चालते, मात्र उत्तर येते ७२, ३१, ६५. अनुत्तीर्ण उमेदवार यादीत कायम राहतो!

याचे कारण असे की, आवर्तन घटकांची नव्हे, तर स्थानांची मोजदाद ठेवते. स्थान १ वरील २८ काढताच ३१ सरकून त्या जागी येतो. आवर्तन पुढे स्थान २ कडे जाते. तेथे आता ६५ असतो. ३१ तपासलाच जात नाही. हेच गुण २८, ७२, ३१, ६५ या क्रमाने दिल्यास उत्तर बरोबर येते, परंतु ७२ व ६५ न तपासताच! म्हणूनच एखाद्या उदाहरणाचे उत्तर जुळले एवढ्यावरून आज्ञावली निर्दोष मानता येत नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे मूळ सूचीला हात न लावता रिकामी सूची घ्यावी आणि ३५ वा अधिक गुण ‘अपेंड’ने तिच्यात भरावेत. मूळ सूचीच्या प्रतीवर आवर्तन चालवूनही काम भागते, पण पहिली रीत वाचण्यास सुबोध आहे.

प्रत्येकाला ५ वाढीव गुण देताना याच्या उलट घडते. आवर्तनातील चलात ५ मिळवले, तरी सूची जशीच्या तशी राहते. कारण चलाला केवळ नवे मूल्य मिळते. सूची बदलण्यासाठी ‘एन्युमरेट’ने घटकासोबत त्याचे स्थानही घ्यावे व त्या स्थानी नवे मूल्य ठेवावे. येथे सूचीची लांबी बदलत नसल्याने कोणताही घटक निसटत नाही.