यांत्रिक करवतीची निवड : एक अनुभवसिद्ध विचार

धान्याच्या आडत्याने करवतीवर लिहावे हे कित्येक बंधूंस विचित्र वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांनी अलीकडे बागायती घेतल्या आहेत, व पावसाळ्यात पडलेली झाडे दूर करण्यासाठी पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आता घरोघर येऊ लागली आहे. ती घेताना मी जी चूक केली ती इतरांनी करू नये, एवढाच या लेखाचा हेतू.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने गोमंतकात ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडली. फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरातही एक जुना फणस पंपाच्या खोलीवर आडवा झाला. घाईघाईने मी बाजारातून एक करवत आणविली. अंगावर '58 सी.सी.' असे ठळक अक्षरांत लिहिलेले, पाते 22 इंचांचे, आणि किंमत नामांकित यंत्राच्या तृतीयांशाहून कमी! आयुष्यभर पोत्यात नळी खुपसून तळचा नमुना पाहिल्याखेरीज सौदा न करणारा मी, येथे मात्र पोत्याच्या तोंडाशी दिसलेल्या मालावर भुललो.

तिसऱ्या दिवशी पात्याचे टोक मागील फांदीस टेकले. टोकाचा वरचा भाग लाकडास लागला की साखळी तेथे अडकते व संपूर्ण पाते चालविणाऱ्याच्या दिशेने उसळते. हा या यंत्राचा सर्वांत घातक दोष होय. अशा वेळी पुढील आडणी मनगटावर आपटून ब्रेक लागावा व साखळी क्षणार्धात थांबावी, अशी योजना असते. आमच्या यंत्रात आडणी होती, ब्रेक नावापुरता होता. पाते उसळले, खाली आले, आणि फिरती साखळी आमच्या गड्याच्या डाव्या मांडीस लागली. अकरा टाके पडले. पैसे वाचविले मी आणि रक्त सांडले त्याचे, ही गोष्ट मला अद्याप सलते.

त्यानंतर मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. जर्मनीतील श्टील या कारखान्याची स्थापना 1926 साली झाली. त्याची पहिली करवत विजेवर चालणारी असून ती दोघांनी धरावी लागे. स्वीडनमधील हुस्क्वार्ना 1689 साली बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झाला व 1959 पासून करवती करू लागला. जपानच्या माकिता कंपनीने 1991 साली डोल्मार हा जुना जर्मन कारखाना घेतला. परंतु खरी क्रांती साखळीत झाली. अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी एक अळी न्याहाळली. ती रेषेच्या आडवी-उभी कशीही, डावीकडून उजवीकडे व उलट कुरतडत जाते. तिच्या जबड्यावरून त्याने 1947 साली वळलेल्या दातांची साखळी काढली. आजच्या बहुतेक साखळ्या तिच्याच वंशातील आहेत.

नाव मोठे म्हणून डोळे मिटून घ्यावे असे मात्र नाही. घर-बागायतीस 35 ते 45 सी.सी.चे इंजिन व 14 ते 16 इंचांचे पाते पुरेसे होते. दुकानदारास यंत्र सुरू करून दाखविण्यास सांगावे. मंद गतीत साखळी फिरता कामा नये. गती देऊन आडणी पुढे ढकलताच ती जागच्या जागी थांबली पाहिजे. पात्याचे टोक पांढऱ्या कागदावर धरून गती दिली असता तेलाची बारीक रेघ उमटावी. न उमटल्यास साखळीस तेल पोहोचत नाही असे समजावे. मग विचारावे : याचा पिस्टन, कार्बुरेटरचा पडदा, साखळीचे चाक आज आपल्या कपाटात आहे काय? "मागवून देतो" असे उत्तर आले, तर आपण उठावे. नामांकित यंत्रांच्या हुबेहूब नकलाही विकल्या जातात. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच, यंत्राचा क्रमांक घातलेले पक्के बिल घेऊन खरेदी करावी.

इंधनाविषयी थोडक्यात : पुस्तिकेत 50 ला 1 लिहिले असेल तर एक लिटर पेट्रोलात 20 मि.ली. टू-स्ट्रोक तेल घालावे, अंदाजपंचे नव्हे. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते व ते ओलावा शोषते. यास्तव महिनाभर यंत्र वापरावयाचे नसल्यास टाकी रिकामी करावी. साखळी बोथट झाली हे आपणांस सहज ओळखता येईल. धार असता भरडा पडतो, गेली की पीठ पडते.

उभे झाड तोडण्याचा प्रश्न निराळा आहे. गोव्यात त्यास 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि वनकर्म हे आपल्याकडे श्रावकास वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत मोडते. आमची करवत पडलेल्या व वाळलेल्या लाकडापुरतीच आहे.

ते पहिले यंत्र मी कोणास विकले नाही. मोडीतही उघडून, तुकडे करून दिले. दुसरे घेताना त्याच गड्यास बरोबर नेले व निवड त्याने केली. पायांचे संरक्षक आवरण व डोळ्यांची जाळी त्याच बिलात घेतली. रोज सकाळी तो 4 मि.मी.च्या गोल कानशीने दात घासतो, आडणी एकदा ढकलून पाहतो, आणि मगच कुळागरात उतरतो.