जुने कागद आणि जाणतीं माणसें

वारजें हें एके काळीं मुठेकांठचें शेतकऱ्यांचें गांव होतें. आज तें पुणें शहरांत मिळून गेलें आहे. हा पालट कसा घडला, याचें उत्तर कोठें शोधावें? इतिहास जुने कागद वाचतो. मानवशास्त्र माणसांत मिसळून त्यांची राहणी, नातीं व चालीरीती पाहतें. या दोहोंची सांगड घातल्यावांचून गांव कळत नाहीं, असें आम्हांस वाटतें. याचे दोन उत्तम दाखले पुण्याजवळच आहेत.

पहिला पिंपळे सौदागरचा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं सहकाऱ्यांसह या गांवाचा अभ्यास करून तो १९१७ सालीं प्रसिद्ध केला. तेथें १७७१ सालीं दर खात्यास सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती अवघी ७ एकर उरली. हा आंकडा नोंदींनीं सांगितला. परंतु तेवढ्यावर कुटुंब जगतें कसें, कर्ज किती, बाहेरची मजुरी किती, हें घरोघर विचारल्यावरच उमगलें.

दुसरा लोणीकंदचा. पेशवाई बुडाल्यावर लौकरच डॉ. टॉमस कोट्स यांनीं तेथील घरें, अन्नवस्त्र, शेती व गांवकामगार यांचें वर्णन लिहिलें. तें १८२३ सालीं छापलें गेलें. पुढें समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनीं त्याच गांवाची पुन्हा पाहणी केली व १९६० सालीं तेव्हांचें आणि नंतरचें गांव शेजारीं शेजारीं मांडून दाखविलें. जुनें वर्णन नसतें, तर काय पालटलें हें कशाशीं ताडून पाहिलें असतें?

मात्र दोन्ही साक्षी तपासून घ्याव्या लागतात. सारा वसूल करणाराचा कागद खातेदाराचें नांव सांगतो. त्याच शेतांत खुरपणाऱ्या बाईचें सांगत नाहीं. उलट वृद्धांच्या आठवणींत सालें एकमेकांत मिसळतात. एकाची उणीव दुसऱ्यानें भरून काढावी.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत घरच्या वडीलधाऱ्यांस विचारा: आपल्या शेताचें नांव काय होतें? पाणी कोठून येई? धान्य कोण दळी? उत्तरें तारखेसह लिहून ठेवा व सातबारा आणि फेरफाराच्या नोंदींशीं ताडून पाहा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, जुनीं कागदपत्रें रद्दींत घालूं नयेत. कागद एखादे वेळीं दप्तरांत पुन्हा सांपडेल. परंतु आजीबरोबर गेलेली आठवण कोणत्याही दप्तरांत सांपडावयाची नाहीं.