बाळसं धरण्याआधीचे दिवस

आई-बाबा, डोहाळजेवणाची तारीख ठरली होती, ती तशीच राहून गेली. 28व्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या आणि किलोभरही न भरणारं बाळ थेट आमच्या काचेत आलं. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून तुम्ही मला पुष्कळ प्रश्न विचारता. पण अडखळत, डोळे पुसत विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "डॉक्टर, बाळ उपाशी तर नाही ना?"

नाही. पहिल्या दिवसापासून त्याला अन्न मिळतंय. ते तोंडावाटे जात नाही, एवढंच.

पोटात असताना नाळ त्याला रात्रंदिवस भरवत होती. शेवटचे तीन महिने तर अंग भरण्याचे, मेंदू झपाट्याने वाढण्याचे. नाळ कापली आणि ती पंगत मध्येच उठली. पूर्ण दिवसांचं बाळ अंगावर चरबीची शिदोरी घेऊन येतं, त्यामुळे आईला दूध यायला दोन-तीन दिवस लागले तरी त्याचं निभतं. सातमाशी बाळाजवळ ही शिदोरी नसते. किलोभराच्या बाळाला काहीच दिलं नाही, तर त्याच्या अंगातला साठा जेमतेम चार दिवस पुरतो. बरं, दूध पाजावं तर आतडं कच्चं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ 34 आठवड्यांच्या आसपास बसतो. म्हणून शिरेचा रस्ता.

परवा एक बाबा पेटीजवळ उभे राहून बराच वेळ पंपाकडे बघत होते. बाळाच्या बेंबीच्या देठातून एक बारीक नळी आत गेलेली. तिला दोन सिरिंज जोडलेल्या. एकीत पाण्यासारखा द्रव, दुसरीत पांढराशुभ्र. "दूध शिरेत सोडता?" त्यांनी घाबरूनच विचारलं. ते दूध नव्हे. ते तेल आहे, पाण्यात अगदी बारीक थेंब करून मिसळलेलं. त्यात बहुधा सोयाबीनचं तेल असतं, काही प्रकारांत ऑलिव्हचं आणि माशाचंही. तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून अंड्याच्या बलकातला एक घटक घालतात. शाकाहारी घरांना मी हे आधीच सांगते, लपवून ठेवत नाही. उजेडाने बिघडू नये म्हणून ती नळी झाकलेली असते. आणि वेग? 900 ग्रॅमच्या बाळाला सुरुवातीला तासाला अर्धा मिलिलीटरसुद्धा नाही. दुसऱ्या सिरिंजमध्ये ग्लुकोज, क्षार, जीवनसत्त्वं आणि अमिनो आम्लं, म्हणजे ज्यांच्यापासून प्रथिनं बनतात ते घटक. या दोन्हींना मिळून आम्ही टीपीएन, म्हणजे शिरेतून दिलेलं संपूर्ण अन्न, म्हणतो. रोज सकाळी वजन, रक्तातली साखर, क्षार बघून त्या दिवसाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

"मग साधं सलाईन का नाही लावत?" हाही प्रश्न येतो, आणि खर्च बघता तो रास्त आहे. 10 टक्के ग्लुकोज किलोमागे दिवसाला 100 मिलिलीटर दिलं, तरी त्यातून मिळतात 34 कॅलरी. नुसतं जिवंत राहायलाच साधारण 45 ते 50 लागतात, आणि वाढायचं तर त्याच्या दुप्पट. प्रथिनं तर शून्य. तेवढ्यावर ठेवलं तर बाळ स्वतःचेच स्नायू मोडून खातं. त्यामुळे पहिल्याच दिवशी अमिनो आम्लं सुरू करण्याचा आग्रह मी सोडत नाही. आणि शिरेतल्या अन्नावर बाळ खरंच वाढतं. 1968 साली फिलाडेल्फियाच्या विल्मोर आणि डड्रिक या डॉक्टरांनी एका मुलीची हकिगत प्रसिद्ध केली. तिचं लहान आतडं जवळजवळ नव्हतंच, तरी केवळ शिरेतून दिलेल्या अन्नावर तिचं वजन वाढलं, डोक्याचा घेर वाढला. तोवर हे होऊ शकतं यावर फार थोड्यांचा विश्वास होता.

आता वजनाबद्दल. जन्माला 940 ग्रॅम भरलेलं बाळ पाचव्या दिवशी 860 भरतं आणि आईच्या काळजात धस्स होतं. घाबरू नका. त्यातलं बरंचसं अंगातलं जादा पाणी असतं. इतक्या लहान बाळांचं वजन पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत, कधी थोडं अधिकही, उतरतं. जन्मवजन परत गाठायला दहा ते चौदा दिवस लागतात, काहींना त्याहून जास्त. पुढे किलोमागे दिवसाला 15 ते 20 ग्रॅम वाढ झाली की आमचा जीव भांड्यात पडतो. तीन-चार चमचे साखरेएवढं वजन! पण खरं सांगू? माझी नजर वजनकाट्यापेक्षा डोक्याला लावलेल्या टेपवर जास्त असते. सूज आली तरी काटा वर जातो. डोकं आठवड्याला अर्धा ते एक सेंटीमीटर वाढलं, तर आत मेंदू वाढतो आहे. शेजारच्या पेटीतल्या बाळाशी मात्र तुलना नको.

शिरेतलं हे अन्न कितीही मोलाचं असलं, तरी ते फार दिवस चालू ठेवणं बरं नाही. नळीवाटे जंतू रक्तात शिरू शकतात. आठवडेच्या आठवडे चाललं तर यकृतावर ताण येतो, कावीळ होते. जंतू आत येऊ नयेत म्हणून आत येताना घड्याळ, अंगठी, बांगड्या काढा, कोपरापर्यंत हात धुवा. हिरव्या बांगड्या उतरवताना काही आयांचे डोळे भरून येतात, ते मला कळतं. तरीही त्या काढाच.

शिरेतली ही नळी लवकर काढणं बरंचसं तुमच्या हातात आहे, आई. पहिल्या दिवशी पिळून दोनच थेंब चीक निघाला, म्हणून तुम्ही वाटी लपवता. लपवू नका. ते दोन थेंब आम्ही बाळाच्या गालाच्या आतून लावतो. मग पोटात घातलेल्या नळीवाटे एक-एक मिलिलीटर. त्याने पोट भरत नाही, पण आतडं जागं होतं. सातमाशी बाळाच्या आईच्या दुधात पहिले काही आठवडे प्रथिनं जास्त असतात, आणि आतडं सडण्याचा जो आजार आम्हाला सगळ्यात भीतिदायक वाटतो, त्यापासून हे दूध वाचवतं. दूध पचत जाईल तसं आम्ही ते रोज थोडं वाढवतो आणि शिरेतलं अन्न कमी करतो. किलोमागे दिवसाला साधारण 120 मिलिलीटर दूध पचू लागलं की शिरेतली नळी निघते. तुमचं दूध अजून पुरत नसेल तर दूधपेढी आहे. आशियातली पहिली दूधपेढी 1989मध्ये आपल्याच मुंबईत, सायन रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दुसऱ्या आईचं दूध घेण्यात कमीपणा मानू नका.

आणि आजी, घुटी, मध, पाणी यातलं काहीही सध्या बाळाच्या ओठाला लावू नका.

बाबा, तुमच्याकडे एक काम. दिवसातून आठ वेळा दूध काढायचं म्हणजे रात्रीही उठावं लागणार. दोनचा गजर तुम्ही लावा, वाटी उकळून तुम्ही द्या, त्यावर नाव आणि वेळ तुम्ही लिहा. मग जेवढं निघालं असेल, पाच मिलिलीटर का असेना, ते सकाळी सिस्टरांच्या हातात द्या. त्यातला थेंबही आम्ही वाया जाऊ देणार नाही.