तोंडाने पिपेट ओढावी काय?

प्रश्न : आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रव तोंडाने पिपेटमध्ये ओढण्याचा प्रघात आहे. नळीच्या मुखाशी कापूस बसविल्यास तो निर्धोक ठरतो काय?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : मुळीच नाही. विषमज्वराच्या जंतूंचे संवर्धन अशा रीतीने तोंडात जाऊन संसर्ग झाल्याची नोंद १८९३ इतकी जुनी आहे. आणि कापूस मोठे थेंब अडवीत असला, तरी ओढीसरशी उठणारे सूक्ष्म तुषार, तसेच दूषित बोटावरून नळीच्या मुखास व तेथून ओठांस पोचणारे जंतू, यांना तो पुरेसा अटकाव करू शकत नाही. म्हणून रबरी फुगा वापरण्याचा शिरस्ता आजच पाडावा आणि शेवटचा थेंब न फुंकता, टोक पात्राच्या भिंतीस टेकवून सावकाश उतरू द्यावा. संवर्धन सांडलेच, तर हातमोजे घालून त्यावर शोषक कागद पसरावा, १ टक्का हायपोक्लोराइट ओतावे व २० मिनिटांनंतरच पुसावे. वापरलेल्या पिपेटी धुण्यापूर्वी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवाव्यात. फुगे उपलब्ध नसल्यास विभागप्रमुखांकडे रीतसर अर्ज करावा. विद्यार्थ्यांच्या जिवाची हमी हा संस्थेचा प्रथम जिम्मा आहे, आणि ती हमी मागण्यात संकोच नसावा.