बायोप्सीआधी तुझ्याशी थोडं

अगं, किडनीत सुई घातली की किडनी कायमची जाते, हे तुला सासूबाईंनी सांगितलं आणि त्यांना शेजारच्या काकूंनी. ज्यांची किडनी गेली त्यांची जवळपास नेहमी आजारानंच गेली. बायोप्सी त्याआधी झालेली असते, म्हणून खापर सुईवर फुटतं. मी लॅबमध्ये रोज बायोप्सीचे तुकडे कापते, रंगवते, तेव्हा पडेगावच्या गल्लीपेक्षा या बाबतीत माझं जरा ऐक.

बाळंतपणात बीपी चढून प्लेटलेट पडल्या, तर बाळ झाल्यावर साधारण ३ दिवसांत गाडी रुळावर यायला लागते. तुझं क्रिएटिनिन मात्र चढतंच आहे आणि लघवीही कमी होतेय. म्हणून डॉक्टरांना शंका आहे की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होताहेत. ते ज्याला टीएमए म्हणतात ना, ते हेच.

पोटावर झोपवतील, त्यामुळे सिझेरियनचे टाके ओले आहेत हे आधीच सांग. पाठीत भूल देतात, सोनोग्राफीत बघत सुई आत नेतात, श्वास रोखायला लावतात आणि खटकन आवाज येतो. दुखण्यापेक्षा त्या आवाजानंच माणूस जास्त दचकतं. तुकडा शेवईच्या काडीएवढा, साधारण दीड सेंटीमीटर. मग काही तास पाठीवर पडून राहायचं. लघवी थोडी लालसर झाली तर घाबरू नकोस, पण गुठळ्या पडल्या, पोटात-पाठीत जोरात दुखलं किंवा गरगरलं तर लगेच सिस्टरला हाक मार. धोका आहे तो रक्तस्रावाचा. म्हणूनच बीपी आटोक्यात नसेल किंवा प्लेटलेट फारच कमी असतील तर डॉक्टर स्वतःच थांबतात. तेव्हा 'उगाच लांबवताहेत' म्हणून चिडायचं नाही.

आमच्याकडे तुकडा आला की त्याचे २-३ मायक्रॉनचे काप काढतो. चांगल्या किडनीत गाळणीतल्या केशवाहिन्या मोकळ्या, उघड्या दिसतात. टीएमएत त्यांचं आतलं अस्तर सुजून वाट बुजलेली असते, मध्ये गुठळी आणि तिच्यात अडकून फाटलेल्या तांबड्या पेशी. ट्रायक्रोमच्या रंगात ती गुठळी लालभडक उठून दिसते. आजार जुना असेल तर चांदीच्या रंगात गाळणीची भिंत दुहेरी दिसते. कधीकधी रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट ठीक असतात आणि किडनीत मात्र हा प्रकार चाललेला असतो, तो स्लाइडवरच सापडतो. गाळण्या नुसत्या तुंबल्यात की किडनीच्या बाहेरच्या थराचा, म्हणजे कॉर्टेक्सचा, भागच मेलाय, याचा अंदाजही इथेच येतो. किडनी कितपत परतेल हे त्यावर बरंचसं ठरतं, म्हणून मी म्हणते करून घे.

पण एक गोष्ट घरात कोणी सांगणार नाही. गुठळ्या आहेत हे स्लाइड सांगते, त्या का झाल्या हे बहुतेक वेळा सांगत नाही. घोणस चावलेला शेतकरी, बीपी भडकलेला माणूस, तुझ्यासारखी बाळंतीण, तिघांच्या स्लाइडवर तेच चित्र असू शकतं. ल्युपस असेल तर इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये तो बहुधा पकडला जातो. बाकी शोध रक्तातच.

त्यातली सगळ्यात घाईची तपासणी अ‍ॅडॅम्ट्स-१३ नावाच्या एन्झाइमची. ते १० टक्क्यांखाली गेलं तर आजार टीटीपी. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉश्कोविट्झ यांनी १६ वर्षांच्या मुलीत तो पहिल्यांदा नोंदवला. ती वाचली नाही. आज प्लाझ्मा बदलून बरेच जण वाचतात. पण अ‍ॅडॅम्ट्स-१३ साठीचं रक्त प्लाझ्मा देण्याआधी काढावं लागतं, नंतर आकडा फसवा येतो. मग कॉम्प्लिमेंटच्या तपासण्या, फॅक्टर एच विरुद्धची अँटिबॉडी वगैरे. भारतातल्या मुलांच्या टीएमएत ती अँटिबॉडी बऱ्याचदा सापडते. तू मोठी आहेस, तरी विचारायला काय जातं? आणि टीटीपीची शंका असेल तर बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवत नाहीत, हेही घरच्यांना सांगून ठेव.

घाटी हॉस्पिटलात दाखवायचं ठरलं तर पडेगावहून छावणीमार्गे फार लांब नाही. खर्चाचं आधीच बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र हॉस्पिटलात असतात, त्यांना गाठा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. बाळंतपणाची फाइल मूळ कागदांसकट ने. आधीचं क्रिएटिनिन किती होतं, हाच पहिला प्रश्न येणार.

आणि टाके ठणकले म्हणून कोणी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा कसलं भस्म दिलं तर घेऊ नकोस. दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घे. दिवसभराची लघवी मापाच्या भांड्यात मोजून लिही आणि राउंडला डॉक्टर आले की तो कागद त्यांच्यापुढे धर.